प्रकरण सतरावे : सरिताचं घर

गोदा औंढ्याहून आली ती रागानं भरूनच आली. एसटीतून उतरून घरापर्यंत चालत येईस्तोवर माणसाचा राग निम्मा उतरतो. तिचा वाटेत भेटेल त्याच्याशी बोलून बोलून चढला होता. ओसरीवर पिशवी ठेवून ती बापाच्या खाटेपाशी बसली, त्याच्या डाव्या हाताच्या प्लास्टरवरून बोटं फिरवली आणि मान वर न करता म्हणाली, “कुठंय ती?”

“आत हाय,” दगडोबा म्हणाला. “आधी पाणी पी.”

“माझा बाप दोन घंटे पाणी पाणी करीत पडला होता, आन म्या इथं पाणी पिऊ?”

पाणी पाणी दगडोबानं केलंच नव्हतं. पण शनिवारची ती गोष्ट तीन दिवसांत सगळं कुरुंदा फिरून आली होती आणि फिरताना गोष्टीच्या अंगावर मांस चढतंच.

घडलं होतं ते एवढंच. शनिवारी दुपारी वासरानं दावं सोडवून घेतलं म्हणून म्हातारा गोठ्यात गेला. शेणपाण्यानं ओल्या फरशीवर पाय सरकला आणि तो डाव्या हातावर पडला. मनगट मोडलं, कमरेला असा मार बसला की उठता येईना. थोरला मुलगा वैजनाथ शेतात हळदीच्या काढणीवर होता. घरात थोरली सून पंचफुला एकटी, गोठ्यापासून वीस पावलांवरच्या खोलीत. म्हाताऱ्यानं तिला नाव घेऊन हाका मारल्या. मग नुसतंच “अगं कुणी हाय का” म्हणून पाहिलं. दोनाचे चार वाजले. शेजारचा जळबा फावडं मागायला आला तेव्हा त्याला गोठ्यात माणूस पडलेला दिसला. तो घरात शिरला, तर पंचफुलाच्या हातात मोबाइल आणि कानात वायरी.

जळबानं भिंतीवरून हाळी दिली तसा धाकटा मुलगा नागोराव पलीकडून धावत आला. सहा वर्षांनी त्याचा पाय या अंगणात पडला, तो बापाला उचलायला.

अंगणाच्या मधोमध ती भिंत दगडोबानंच घालायला लावली होती. त्याची बायको नर्मदाबाई गेली आणि वर्षाच्या आत दोघं भाऊ बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून एकमेकांच्या अंगावर गेले. म्हाताऱ्यानं एका बैठकीत निकाल दिला. घरं दोन, चुली दोन, अंगणं दोन. वरून असंही म्हणाला की या घरच्या बाईनं त्या घरचा उंबरा चढायचा नाही. भावांची भांडणं बायकांच्या बोलण्यातूनच पेटतात. त्या वेळी आपण फार शहाणपणाचं बोललो असं त्याला वाटलं होतं.

दहाच्या सुमाराला वैजनाथ शेतातून आला आणि पायरीवर टेकला. पन्नाशीचा हा माणूस दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा, त्यातले सहा बैलांशी. त्याच्यामागून नागोराव आणि त्याची बायको रूपा आली. भिंतीमुळं त्यांना रस्त्यावरून वळसा घालून यावं लागलं. रूपा गावाची आशाताई. गरोदर बाया, तान्ही लेकरं, बीपीच्या गोळ्या, सगळ्या गावाची तब्येत तिच्या पायांवर चालायची. सासऱ्याला वसमतच्या दवाखान्यात तिनंच नेलं होतं, पण या ओसरीवर बसताना तिनं आधी म्हाताऱ्याकडं पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच बस म्हटलं.

“लवकर उरका,” नागोराव म्हणाला. “दुपारी हळद शिजवायचा कुकर येणार हाय माझ्याकडं.”

“वयनी,” गोदानं हाक दिली, “भायेर या.”

पंचफुला बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तीन दिवस ती झोपली नव्हती हे कुणालाही दिसलं असतं. दगडोबाला मात्र तिचा हात दिसला. पदराच्या काठावर तिचा अंगठा वरखाली फिरत होता, मोबाइलवर फिरतो तसा. आपण काय करतोय याची तिला शुद्ध नव्हती. मोबाइल शनिवारपासून वैजनाथच्या कपाटात होता. त्यानं तो काही न बोलता उचलला होता आणि काही न बोलता कुलूप लावलं होतं.

“तुमाला एकच इचारते,” गोदा म्हणाली. “गावात काय बोलून राहिले ठाव हाय का? पंचफुलाबाई घरात बसून दिवसभर कुणाशी तरी हसत असती. कुणाशी?”

पंचफुला खाली पाहत राहिली.

“दूध उतू जातं, भाकरी करपती, दादा घरी आला तर ताट वाढायचं भान न्हाई. हे समदं म्या आजवर ऐकून सोडून देलं. आता माझा बाप मरता मरता वाचला. दादा, आण तो मोबाइल.”

वैजनाथ उठला, आत गेला, मोबाइल आणून बहिणीच्या हातात दिला आणि परत पायरीवर बसला.

“लॉक सांगा.”

“लॉक न्हाई,” पंचफुला म्हणाली. “घरात कुणी पाह्यलं म्हणून लावायचं?”

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. तिचा मुलगा स्वप्निल चाकणला कंपनीत, मुलगी सृष्टी लग्न होऊन पुण्यात. मोबाइल स्वप्निलनंच घेऊन दिला होता, आईला आपलं तोंड दिसावं म्हणून. दर रविवारी तो चार मिनिटं दिसायचा.

गोदानं पडद्यावर बोट ठेवलं. मोबाइलवर लाल आकडे उभे होते, तीन दिवसांत साठलेले. तिनं त्यातला एक दाबला आणि ओसरीवर एका पुरुषाचा आवाज आला.

“सरिताताई, तीन दिवस झाले, तुम्ही खोलीत नाही. सगळे विचारत आहेत. तब्येत बरी आहे ना? तुमच्या जाऊबाईंना सांगा, त्यांनी तरी दोन शब्द टाकावेत.”

जळबा घराबाहेर उगीच घुटमळत होता, तो जागच्या जागी थांबला.

“खोलीत?” नागोराव म्हणाला. “कोणती खोली?”

“मोबाइलमदली,” पंचफुला म्हणाली. “तिथं बोलायच्या खोल्या असतेत. आमची ‘दुपारचा चहा’. वीस-पंचवीस माणसं येतेत, कुठलीकुठली. तोंड कुणाचं दिसत न्हाई. नुसतं बोलायचं.”

“आन सरिता कोण?”

हे वैजनाथनं विचारलं. सकाळपासूनचे त्याचे हे पहिलेच शब्द.

“म्या,” पंचफुला म्हणाली.

गोदाला हवं ते हाती लागलं होतं. “ऐकलं का दादा? नाव बदलून. परक्या मानसांशी. ताई ताई म्हणूनच सुरुवात करतेत हे लोक.” तिनं दुसरा आवाज लावला, तिसरा लावला. एक बाई नाशिकहून विचारत होती की सरिता कुठं गेली. एक म्हातारा म्हणत होता की तुमच्यावाचून चहाला चव नाही. सगळे तेच विचारत होते. गोदा वाईट काहीतरी निघेल म्हणून पुढं पुढं जात होती आणि ते निघत नव्हतं.

शनिवारची एक गोष्ट दगडोबानं कुणालाच सांगितली नव्हती, वसमतच्या डॉक्टरला नाही की वैजनाथला नाही. ती त्याच्या छातीवर तीन दिवस दगडासारखी होती.

“गोदा,” तो म्हणाला, “त्या लोकाचं बास झालं. हिचं बोलणं लाव.”

“तिचं काय ऐकायचं?”

“लाव म्हणलो न.”

गोदानं शोधून एक लावलं. आणि पंचफुलाचा आवाज आला. पण हा आवाज चौकटीला धरून उभ्या असलेल्या बाईचा वाटेना. शहरी बोलायचा प्रयत्न करणारा, मधूनच घसरून गावाकडं येणारा, भरलेला, हसरा आवाज होता तो.

“आज जरा उशीर झाला बघा. आमची रूपा ऐकंना. म्हणती, अक्का, चहा मी करते, तुमी बसा. अन् आलं इतकं घालती की आमच्या सासूबाई म्हणतात, हा चहा हाय का काढा? मग आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. आमचं घर म्हणजे सारखी येजा बघा. मामांना तर एकटं बसवतच नाही. येतात अन् म्हणतात, मला बी द्या अर्धा कप. आमचे हे शेतातून आले की दिवसभरात काय काय झालं ते सगळ्यांना सांगत बसतात. असे सांगतात, असे सांगतात, हसून हसून पोट दुखतं.”

आवाज संपला. गोदानं मोबाइल मांडीवर ठेवला.

“हे कवाचं हाय?” तिनं विचारलं, पण तिचा आवाज खाली आला होता.

“मागच्या सोमवारचं.”

“आई जाऊन सात वर्ष झाली, वयनी.”

“ठाव हाय मला,” पंचफुला म्हणाली. “म्याच न्हाऊ घातलं त्यायला, म्या आन रूपानं.” तिनं चौकट सोडली आणि खाली बसली. “तिथं समदे काई ना काई वाढवून सांगतेत. कुणाचा बंगला हाय, कुणी दुबईला असतं. पहिल्या दिशी मला इचारलं, ताई, तुमच्या घरचं सांगा. मला बंगला सुचला न्हाई. हेच सुचलं.”

रूपा ओसरीच्या कडेला बसली होती. ती उठली, दगडोबाच्या खाटेजवळून पुढं गेली आणि जावेशेजारी जमिनीवर बसली. मग म्हणाली, “आलं म्या अजून बी तितकंच घालते, अक्का.”

पंचफुलानं तिच्याकडं पाहिलं नाही. पण पदरावर फिरणारा अंगठा थांबला.

“म्या गावातल्या दोनशे घरांत जाते,” रूपा म्हणाली. “झोप लागती का, जेवण जातं का, मनात काई वंगाळ येतं का, समद्यांना इचारते. कागदावरच छापलेलं हाय ते. भिंतीपल्याड एक बाई हाय, तिला सहा वर्षांत इचारलं न्हाई. रस्त्यात दिसल्या तरी मान खाली घालून गेले.”

“तुला कुणी आडवलं होतं?” नागोराव म्हणाला.

“हे तुमी इचारून राहिले व्हय?” रूपानं नवऱ्याकडं वळून इतक्या शांतपणे म्हटलं की तो प्लास्टरकडं पाहू लागला.

पण नागोराव सहजासहजी मागं हटणारा नव्हता. “बरं, समद्याला रडू आलं. मला बी आलं. पर आबा पडले हे खोटं न्हाई न? उद्या पुन्हा पडले तर? माझं आयका, मोबाइल दगडावर ठेवा आन फोडा. झालं.”

“महिनाभर सेनगावला माहेरी धाडा,” गोदा म्हणाली. आता तिच्या बोलण्यात राग कमी आणि काळजी जास्त होती. “भावाच्या घरी राह्यल्या म्हणजे सवय सुटंल.”

“तिथं तरी कोण बोलणार हाय त्यांच्याशी?” रूपा म्हणाली. “आन मोबाइल फोडल्यानं काय व्हईल? दुसरा येईल. दारू पिणाऱ्याची बाटली फोडून कुणाची सुटली का?”

“मंग ही काय दारू हाय?” नागोरावानं विचारलं.

“व्हय,” पंचफुलाच म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले.

“रूपा बराबर बोलून राहिली. म्या मोबाइल दोनदा पिठाच्या डब्यात पुरला. घंटाभरानं पीठ उपसत बसले. पहिल्यानं दुपारचा एक घंटा होता. मग सकाळी. मग स्वयंपाक करता करता. आता दिवसाचे नऊ-दहा घंटे होतेत. ती खोली बंद झाली की म्या उगाच कुणाचेही व्हिडिओ पाहत बसते, काय पाह्यलं ते दुसऱ्या मिनिटाला ध्यानात राहत न्हाई. नुसतं घर गप झालेलं ऐकू न्हाई यावं म्हणून.” तिनं दोन्ही हात पुढं धरले. “मामा पडले. म्या वीस पावलांवर होते. तीन दिस झाले, मला त्यांच्या तोंडाकडं पाहवंना. आन तरी बी हा हात तिकडंच जाऊन राहिला. आत्ता वन्संच्या मांडीवर मोबाइल हाय न, माझं अर्धं ध्यान तिकडं हाय. आता सांगा, अशा हाताला काय करावं मानसानं.”

वैजनाथ पायरीवरचे माती-खडे बोटानं एका जागी गोळा करत होता.

“मला एक सांगायचंय,” दगडोबा म्हणाला. त्यानं उजव्या हातावर जोर देऊन उठायला पाहिलं, गोदानं उशी मागं सरकवली. “म्या गोठ्यात पडलो होतो तवा मला हिचं हसू ऐकू येऊन राहिलं होतं.”

पंचफुलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“आईक पोरी, पुरतं आईक. हाका मारल्या, तू आली न्हाईस. शिव्या बी देल्या मनातल्या मनात. पर पडल्या मानसाला दुसरं काम नसतं. पडल्या पडल्या ते हसू ऐकत होतो. इचार केला, ही अशी कवा हसली होती? तुझी सासू होती तवा. तुमी तिघी मागल्या पायरीवर बसायच्या आन म्या आतून वरडायचो, काय दात काढून राहिल्या म्हणून.” तो थांबला. पाणी हवं होतं, पण आत्ता मागितलं तर बोलणं तुटेल असं त्याला वाटलं. “पाण्यापायी भांडले हे दोघं. भिंत घातली ती ठीक हाय, भावाभावात भिंती व्हतेतच. पर उंबरा म्या बायकांना बंद केला. गुन्हा कुणाचा आन सजा कुणाला. माझं चुकलं.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून त्याच्या तिन्ही लेकरांनी ऐकले नव्हते. गोदा बापाकडं अशी पाहू लागली की जणू डॉक्टरनं हाताऐवजी दुसराच कुठला तरी अवयव मोडल्याचं सांगितलंय. नागोरावानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“मंग भिंत पाडायची का?” तो म्हणाला. चेष्टा आणि खरं यांच्या मधोमध कुठंतरी होतं ते.

“राहू दे,” वैजनाथ म्हणाला. “गुरं इकडची तिकडं जातेत.” त्यानं गोळा केलेली माती हातानं सपाट केली. “दार पाडू एक.”

गोदानं मोबाइल उचलला. तो कुणाला द्यावा हे तिला कळेना. वैजनाथला द्यावा तर पुन्हा कुलूप, पंचफुलाला द्यावा तर तो दिवस तसाच. शेवटी तिनं तो रूपाच्या हातात ठेवला. “तूच ठेव बाई. आन चहा तरी करा कुणी. म्या सकाळची निघालेली हाय.”

रूपा उठून आत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, “अक्का, साखर कुठं ठेवता आता?”

पंचफुला डोळे पुसत उठली आणि आत गेली. साखरेचा डबा सांगायला बाईला एवढा वेळ लागत नाही. पण त्या दिवशी ओसरीवरच्या चौघांनी चहाची वाट बराच वेळ पाहिली आणि कुणी हाक मारली नाही.

चहात आलं जास्तच होतं. दगडोबानं अर्धा कप मागून घेतला.

---

एका दिवसात अशी गोष्ट सुटत नसते, आणि सुटलीही नाही. गुरुवारी रूपा जावेला घेऊन हिंगोलीला गेली. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या तक्रारी ऐकणारी एक समुपदेशक बाई बसायची, तिच्याकडं रूपानं आजवर चारपाच जणींना नेलं होतं. परत आल्यावर दोघींनी दगडोबाला सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे दोघी एकाच वेळी बोलल्या आणि त्यातून त्यानं आपलं आपण जुळवून घेतलं. ती बाई पंचफुलावर ओरडली नव्हती. मोबाइल कायमचा टाकून द्या असंही तिनं म्हटलं नव्हतं. दिवसाचे घंटे ठरवा, ते हळूहळू कमी करा, झोपायच्या खोलीत मोबाइल नको, आणि पंधरा दिवसांनी परत या. मग तिनं विचारलं होतं की तुम्ही त्या खोलीत गेला नाहीत तर त्या वेळात काय कराल.

“आन काय सांगितलंस?” दगडोबानं विचारलं.

“म्हणलं, इचार करून सांगते.”

ठरलं ते असं. मोबाइल रूपाकडं राहायचा. दुपारी दोन ते तीन पंचफुलाला मिळायचा, तोही ओसरीवर, म्हाताऱ्याच्या समोर, कानात वायरी न घालता. पहिले दोन दिवस तिनं तो घेतला आणि एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं खोलीत जाऊन सांगितलं की माझं नाव सरिता नाही, मी पंचफुला, कुरुंद्याची, माझ्या सासूबाईंना जाऊन सात वर्षं झाली. एक-दोघं काही न बोलता निघून गेले. एक जण म्हणाला की तुम्ही आम्हाला फसवलंत. त्यावर पंचफुला म्हणाली, “व्हय, फसवलं.” मग नाशिकची ती बाई बोलली. “मी निवृत्त मुख्याध्यापिका नाही, पंचफुलाताई. मी शाळेत शिपाई होते. तुमची ती रूपा खरी आहे का?”

“खरी हाय,” पंचफुला म्हणाली. “पलीकडं कपडे धुऊन राहिली.”

दगडोबानं खाटेवर पडल्या पडल्या हे ऐकलं आणि त्याला त्या न पाहिलेल्या बाईबद्दल बरं वाटलं.

आठव्या दिवशी ती घसरली. हळद शिजून पडत होती, कामाला बायका आल्या होत्या. त्यातल्या एकीचा मोबाइल मागून घेऊन पंचफुला वाळत घातलेल्या हळदीच्या ढिगामागं दीड घंटा बसून राहिली. रूपाला ती तिथं सापडली. रूपा तिच्याशेजारी बसली, म्हणाली, “झालं का पाहून?” आणि ती “व्हय” म्हणाल्यावर दोघी मिळून हळद पसरायला लागल्या. हे रूपानं फक्त सासऱ्याला सांगितलं आणि त्यानं कुणालाच नाही. नागोरावला कळतं तर त्यानं पुन्हा दगड काढला असता.

भिंतीत दार पडलं. नागोरावानं चौकट आणली, वैजनाथनं बसवली. दोघं भाऊ त्या दिवसभरात सात-आठ वाक्यं बोलले असतील, तीही चौकट तिरकी आहे की सरळ यावरून. ती तिरकीच बसली.

पंचफुलाच्या अंगठ्याचं पदरावर फिरणं पंधरा दिवसांनी कमी झालं. हिंगोलीच्या दुसऱ्या फेरीनंतर ती दुपारचा घंटा कधी पुरता वापरायची, कधी अर्ध्यातच मोबाइल बाजूला ठेवून उठायची. एकदा तर रूपा देऊन गेली आणि तो तसाच खाटेवर दगडोबाच्या पायापाशी पडून राहिला. तीन वाजले तेव्हा तिला आठवण झाली.

तरीही दगडोबाला एक काळजी होती आणि ती त्याला कुणाशी बोलता येत नव्हती. रूपा दुपारी येते, ठीक. पण संसार जावेबरोबर होत नसतो. वैजनाथनं दार पाडलं, चौकट बसवली, बायकोला हिंगोलीला जायला गाडी बघून दिली. मोबाइलवरचं ते बोलणं त्यानंही ऐकलं होतं, तिच्या सांगण्यातला तो नवरा, घरी येऊन सगळ्यांना हसवणारा. त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता. तो रागावलाय, की लाजलाय, की त्याच्या काही लक्षातच आलं नाही, हे बापालासुद्धा ओळखता येईना.

फाल्गुन उजाडला. हळद वाळत आली होती, काम थोडं सैल झालं होतं. एका दुपारी रूपा लसीकरणाला शेजारच्या वाडीत गेली होती. पंचफुला ओसरीवर एकटीच गहू निवडत बसली होती. मोबाइल शेजारी होता. दोन वाजून गेले होते. दगडोबा खाटेवर डोळे अर्धवट मिटून होता, पण झोपला नव्हता.

वैजनाथ आला. या वेळी तो कधी घरी यायचा नाही. त्यानं पाय धुतले, टोपी खुंटीला लावली, आणि मग त्याला पुढं काय करावं ते सुचेना. तो बायकोपासून हातभर अंतरावर बसला. सुपातले चार गहू उचलून तळहातावर पाहू लागला.

“हळद चांगली वाळून राहिली,” तो म्हणाला.

“व्हय.”

“दोन-तीन दिसांत पॉलिशला न्यावं म्हणतो.”

“न्या की.”

बोलणं तिथं संपलं. वैजनाथजवळचं सामान तेवढंच होतं. दगडोबाला वाटलं, आता हा उठेल. पण तो उठला नाही. गहू या हातातून त्या हातात करत राहिला.

“त्या सरिताचा नवरा,” तो म्हणाला आणि थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “तो काय काय बोलायचा?”

पंचफुलाचे हात सुपात थांबले. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

“काई इशेष न्हाई,” ती म्हणाली. मग थोडं हसली. “आला की इचारायचा, जेवलीस का.”

वैजनाथनं मान हलवली, शेतीच्या कामाची एखादी नवी रीत कुणी समजावून सांगावी तशी. तळहातावरचे गहू परत सुपात टाकले.

“जेवलीस का?” त्यानं विचारलं.

“न्हाई अजून.”

“मंग घे वाढून. म्या बी न्हाई जेवलो.”

तो शेतात जेवून आला होता. सकाळी भाकरी पंचफुलानंच फडक्यात बांधून दिली होती आणि रिकामं फडकं आत्ता त्याच्या खांद्यावर होतं. तिनं त्या फडक्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. सूप बाजूला सारून ती उठली, आत गेली आणि दोन ताटं घेऊन बाहेर आली.